काकू म्हणाल्या, माड वाढवा

मुलगी सकाळपासून फोनवर करवती दाखवतेय. बंगल्यापुढे तिने हौसेने लावलेले शोभेचे पाम आता गच्चीच्या वर गेलेत आणि त्यांच्या सुकलेल्या झावळ्या नेमक्या जावयांच्या गाडीवर पडतात. "आई, ही बघ, हिचा दांडा हवा तेवढा लांब होतो. ही बॅटरीवर चालते. ही हलकी आहे, पण लोक म्हणतात पातं लवकर बोथट होतं." मी विचारलं, "चढणार कोण?" ती म्हणाली, "चढायचं नसतं गं, म्हणून तर ही घ्यायची." हत्यारं निवडण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. माझ्या वडिलांनी एका झाडासाठी इतकी हत्यारं निवडली की आईला भाजी चिरायला कधी काही कमी पडलं नाही. झाडावरचं एक पान मात्र त्यातल्या कशानेच कापलं गेलं नाही.

ते झाड म्हणजे माड. नाशकात सगळे नारळाचं झाड म्हणतात, पण बाबा माडच म्हणायचे, कारण त्यांनी तो कोकणातून आणला होता आणि शब्दही तिथूनच सोबत आणला होता. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आई नगरपालिकेच्या शाळेत बाई. दोघांनी मिळून नाशिकरोडच्या बाजूला प्लॉट घेतला. बाबांच्या घराण्यात त्याआधी कुणाच्याही नावावर जमीन नव्हती. दुसऱ्याच्या वावरात पेरायचं, दुसऱ्याचं पीक काढायचं आणि अंधार पडला की घरी यायचं, हेच चाललेलं. त्यामुळे आपल्या जमिनीत पहिलं काय लावायचं, याचा बाबांनी घराच्या नकाशापेक्षा जास्त विचार केला. मी तेव्हा कडेवर होते. दोघं मला घेऊन महाडला चवदार तळ्यावर गेले आणि परतताना बाबांनी रस्त्यावरून नारळाचं रोप घेतलं. एसटीत आईच्या मांडीवर मी, बाबांच्या मांडीवर रोप. घाटात मी ओकले. रोपाने काही त्रास दिला नाही, हे बाबा पुढे कितीतरी वर्षं माझ्यादेखत कौतुकाने सांगायचे.

माड वाढला, पण नाशिकची थंडी आणि कोरडी हवा त्याला मानवली नसावी. सुपारीएवढी फळं धरायची आणि गळून जायची. कॉलनीतले लोक विचारायचे, "काय साळवे, यंदा तरी खोबरं?" बाबा म्हणायचे, "सावली देतोय की." माडाची सावली केवढी असते, हे ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी पाहावं. पण बाबा कचेरीतून आले की सायकल लावायच्या आधी त्याच्या बुंध्यावर एक हात टेकवायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मला माझ्या प्रगतिपुस्तकांवर सही करताना कधी दिसलं नाही. मला त्या झाडाचा मत्सर वाटायचा. आजही थोडा वाटतो.

भानगड एवढीच होती की माड कंपाउंडच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे जोशीकाकूंची पडवी होती. पडवीवर सिमेंटचा पत्रा. त्या पत्र्याखाली काकू दुपारी खुर्ची टाकून बसायच्या, वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या. काका वारल्यापासून त्या एकट्याच असायच्या. सुकलेली झावळी सुटली की आधी सर्र असा आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पत्र्यावर धाडकन. त्यापाठोपाठ काकूंचं "अगं बाई गं!" सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. आमच्याकडे तव्यावर भाकरी असली तरी आई हात थांबवून कान द्यायची. काकूंचं "अगं बाई" ऐकू आलं की भाकरी उलटायची. ते ऐकू येईपर्यंत भाकरी करपायची.

काकू मूळच्या गुहागरच्या. ब्राह्मण. आम्ही बौद्ध. गल्लीत हे कुणी बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे. काकू आमच्याशी भांडल्या असं कधी झालं नाही. भिंतीवरून सगळं बोलायच्या, माझा अभ्यास विचारायच्या, आईला "साळवेबाई" म्हणायच्या. पण शेजारी राहून इतकी वर्षं झाली तरी आमच्या फाटकाच्या आत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. बोलावलं की म्हणायच्या, "येईन हो एकदा निवांत." निवांतपणा काही मिळत नव्हता. आईने बोलावणं सोडून दिलं. बाबांनी मात्र सोडलं नाही. दर सणाला, दर पौर्णिमेला ते भिंतीपाशी जाऊन बोलवायचे आणि परत आले की आई म्हणायची, "झालं समाधान?"

काकूंची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या तोंडून वाईट शब्द निघत नसे. वाईट म्हणजे शिवी नव्हे. कमी होणं, तुटणं, संपणं, जाणं, असलं काहीच त्या बोलायच्या नाहीत. दिवा विझायचा नाही, शांत व्हायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. देवापुढचा नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. डब्यातले तांदूळ संपले की म्हणायच्या, "तांदूळ वाढलेत गं, वाण्याकडून आण." माझा यात फार गोंधळ उडायचा. आणि बाबा तर या प्रकारावर खवळायचेच. आमच्या घरात असं बोलायला बंदी होती. "फुटली त्याला फुटली म्हणायचं. वाढली असती तर एकीच्या दोन झाल्या असत्या!" हे ते आम्हाला सांगायचे, काकूंना नाही. काकूंपुढे ते खालच्या आवाजात बोलत.

तर झावळ्या पडायच्या आत काढून घ्यायला हव्यात, हे बाबांना मान्य होतं. काकूंनी तक्रार करायच्या आधीच मान्य होतं. फक्त योग्य हत्यार हवं. पहिल्यांदा त्यांनी घरातला विळा बांबूला सुतळीने बांधला. बांबू वर केला, विळा झावळीत अडकवला आणि जोरात ओढला. बांबू खाली आला. विळा वरच राहिला. पुढचा सगळा हिवाळा तो तिथे चमकत होता आणि येणाजाणारा माणूस मान वर करून विचारायचा, "ते काय हो?" मग कचेरीतल्या निफाडच्या एका सोबत्याने ऊसतोडीचा कोयता आणून दिला. बाबांनी अंगणात पडलेली सुकी झावळी ओट्यावर ठेवली आणि एका घावात तिचे दोन तुकडे केले. "बघितलंस?" आईला म्हणाले. आई म्हणाली, "ही खाली पडलेलीच आहे." बाबांनी शिडी लावली, दोन पायऱ्या चढले, उतरले आणि म्हणाले, "मूठ घामाने निसटते. मूठ बदलावी लागेल." मूठ बदलली नाही. कोयता स्वयंपाकघरात गेला आणि आईने त्यावर लाल भोपळे फोडले.

त्यानंतर द्राक्षं छाटायची कात्री आली. तीही निफाडची, फार सुंदर. बोटाएवढी काडी ती लोण्यासारखी कापायची. झावळीचा देठ माणसाच्या दंडाएवढा असतो. बाबांनी कात्री बराच वेळ उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "कात्रीत काही दोष नाही." ती आईने शेवग्याच्या शेंगांना घेतली. मग भद्रकालीतल्या लोहाराकडे जाऊन त्यांनी लांब दांड्याची, पुढे वळवलेली आकडी करून घेतली. मी बरोबर होते. बाबांनी त्याला झाड, भिंत, पत्रा, वाऱ्याची दिशा, सगळं समजावून सांगितलं. लोहार भाता ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्ये समदं ठीक हाय, साहेब. वर कोन चढनार?" बाबा म्हणाले, "ते नंतर बघू. आधी हत्यार." आकडी आली, तिचं वजन इतकं होतं की बाबांना ती डोक्याच्या वर नेता येईना. मग करवत आली. प्रत्येक हत्यार ते आधी खाली पडलेल्या झावळीवर तपासायचे आणि प्रत्येक हत्यार तिथे पास व्हायचं. रविवारी सकाळी रेडिओ चालू, आतून सुकटीचा वास, आणि अंगणात बाबा उकिडवे बसून मेलेल्या झावळ्या कापताहेत, हे माझ्या लहानपणाचं चित्र आहे. सुट्टीचा दिवस म्हणजे हाच आवाज, असंच मला वाटायचं.

अशाच एका रविवारी, दिवाळी जवळ आलेली, काकू भिंतीपाशी आल्या. आदल्या आठवड्यात झावळीने पत्र्याला भगदाड पाडलं होतं. खालच्या खुर्चीच्या हाताचा टवका उडाला होता. काकू नेमक्या देवघरात गेल्या होत्या म्हणून बरं. मी पायरीवर सुकट निवडत बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"साळवे, एक बोलू का? राग मानू नका."

बाबांनी करवत खाली ठेवली. "बोला ना काकू."

"तो माड आता वाढवा हो तुम्ही."

बाबा उठून उभे राहिले. "वाढवू?"

"वाढवाच. तुमचा किती जीव आहे त्याच्यावर, मला का ठाऊक नाही? मी कोकणातली. माडाबद्दल असं तोंडातून काढवत नाही, म्हणून तर इतके दिवस बोलले नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले.

"पण तुम्हाला त्रास नाही ना होणार?"

"होईल थोडा. डोळ्यांना सवय झालीय तो असा बघायची. होईल नवी सवय. निफाडला माझ्या भाच्याचे द्राक्षाचे मळे आहेत, त्याची माणसं बोलावते. तुम्हाला काही करायला नको. एका सकाळचं काम."

आता, बाबांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नारळ वाढवणं, बांगडी वाढवणं यावर घरात भाषणं देणारा हा माणूस. पण निफाडचे द्राक्षवाले कसलं तरी औषध लावून मणी फुगवतात, हे नाशकात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाच्याची माणसं ते औषध आणणार आणि माड वाढवणार, यात बाबांना काही वावगं वाटलं नाही. त्यांना वर्षानुवर्षं जे ऐकायचं होतं, ते भिंतीपलीकडून आलं होतं. त्यांनी माडाच्या बुंध्यावर हात टेकवला. "तुम्ही म्हणताय तर वाढवू, काकू," म्हणाले.

आत येऊन त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, "काकू असं म्हणाल्या? पत्रा फुटल्यावर? डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं?"

"माणसावर जरा विश्वास ठेवायला शीक."

"मी ठेवते हो. मला नुसतं खटकतंय."

पुढचे काही दिवस आमच्या दोन्ही घरांत जे प्रेम उतू गेलं, त्याला तोड नव्हती. काकूंनी भिंतीवरून अळूवड्या दिल्या, वाटी परत नको म्हणाल्या. बाबा रोज कचेरीतून आले की माडाला आळं करून शेणखत, मीठ, सुकटीचं धुवण, काय काय घालायचे. कुणीतरी कोकणातला उपाय सांगितला होता. काकू पलीकडून बघायच्या आणि डोळे पुसायच्या. त्यांना वाटत होतं की बिचारे साळवे झाडाची शेवटची सेवा करताहेत. हे त्यांनी पुढे आईला स्वतः सांगितलं आणि दोघी हसून हसून लोळल्या. पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. बाबा आईला म्हणाले, "बघ, माणसं बदलतात." हे म्हणताना ते इतके आनंदात होते की आईने खटकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

माणसं आली त्या सकाळी बाबांनी रजा टाकली, इस्त्रीचा सदरा घातला. आईने पोहे केले. दोघं जण आले, त्यांतला मोठा रंगनाथ. दोर, कुऱ्हाड आणि फावडं. बाबांनी त्यांना चहा दिला आणि फावड्याकडे बघून समाधानाने मान हलवली. रंगनाथने सदरा काढून भिंतीवर टाकला, दोर माडाला गुंडाळला आणि कुऱ्हाड उचलली.

"औषध कुठेय?" बाबांनी विचारलं.

"कसलं औषध?"

"वाढवायचं."

रंगनाथने जोडीदाराकडे बघितलं. "साहेब, आमाला त तोडायचा म्हून सांगितलंय," म्हणाला आणि बोलता बोलता घाव घातलाही. खट्ट आवाज झाला. बुंध्याची पांढरी चकती उडून माझ्या पायाशी पडली. बाबा धावत जाऊन माडाला पाठ लावून उभे राहिले. रंगनाथने दुसऱ्या घावासाठी हात वर नेला होता, तो तसाच ठेवून म्हणाला, "आवो, बाजूला व्हा ना. लागंल." आई पोह्यांची ताटली घेऊन दारात. तेवढ्यात काकू भिंतीपाशी आल्या.

"काय झालं, साळवे?"

"काकू, हे माड तोडताहेत!"

"अहो, मग तुम्हीच तर हो म्हणालात!"

"मी वाढवायला हो म्हणालो!"

"मीही तेच म्हणतेय, वाढवा!"

रंगनाथने कुऱ्हाड खाली घेतली. मग बाबांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना मी पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांची दया आली. त्यांना झाडापेक्षा दुसरंच काहीतरी तुटल्यासारखं वाटत होतं. ते इतक्या मोठ्याने ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली. "काकू, सरळ बोला! एकदा तरी मराठीत सरळ बोला! तोडा म्हणायचं होतं तर तोडा म्हणा!"

काकूंनी भिंत धरली. मला वाटलं आता या रडत आत जाणार. पण त्या म्हणाल्या, "मग ऐका. मला मरायची भीती वाटते. दुपारी मी तिथे बसते, आणि वर सर्र झालं की मला वाटतं, आता मेले. घरात दुसरं कुणी नाही. मेले तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळायचंही नाही. सरळ बोलले. झालं?"

बाबांचा आवाज बसला. ते माडाला टेकले. मग म्हणाले, "काकू, मलाही भीती वाटते. वर चढायची. दोन पायऱ्या चढलो की पाय लटपटतात. हे इतके दिवस विळे आणि करवती आणतोय ना, ते म्हणूनच." हे आईलाही माहीत नव्हतं. तिने पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि बाबांकडे असं बघितलं की मी मान फिरवली. बायकोपासून उंचीची भीती लपवायला माणसाने लोहाराकडून आकडी करून घ्यावी, याला काय म्हणायचं, मला आजवर कळलेलं नाही.

"मग रंगनाथला चढवा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तेवढ्या झावळ्या काढेल."

रंगनाथने माडाच्या शेंड्याकडे बघितलं, तिथे अजून गंजका विळा होता. तो म्हणाला, "नाय बा. आमचा द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर जात नाय. आपन काय माकड हे का?" त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि पोह्यांकडे पाहिलं. आईने ताटल्या वाढल्या. दोघांनी दोनदा मागून खाल्ले, लय भारी झालेत म्हणाले आणि दोर गुंडाळून निफाडला परत गेले. माड उभा राहिला, बुंध्याला एक खाच घेऊन. झावळ्या सगळ्या जिथल्या तिथे.

बाबा आणि काकू भिंतीच्या दोन बाजूंना उभे. शेवटी आईच बोलली. शाळेत पोरांना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "काकू, झाडाला काही हलता येत नाही. तुम्हाला येतं. दुपारी आमच्या व्हरांड्यात बसत जा. मी साडेबाराला घरी असते." काकू म्हणाल्या, "येईन हो एकदा..." आणि थांबल्या. बहुतेक त्यांनाच ते ऐकून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. काकू निवडायचे तांदूळ सुपात घेऊन आल्या, बाबांच्या वेताच्या खुर्चीवर बसल्या आणि आईने पाणी दिलं ते त्या प्यायल्या. आई आत येऊन मला म्हणाली, "चेहरा नीट कर, बघतेस काय भुतासारखी." तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

मग त्या रोजच यायला लागल्या. आधी तांदूळ, मग वाती, मग माझं गणित. कचेरीतून आलेल्या बाबांना त्यांची खुर्ची मिळेना. ते पायरीवर बसून बूट काढायचे आणि काकू त्यांना म्हणायच्या, "बसा ना, साळवे, संकोच कसला?" बाबांच्या घरात, बाबांच्या खुर्चीवरून. बाबा म्हणायचे, "बसतो, बसतो." आई आत भाकऱ्या थापत हसायची.

थंडीत एका दुपारी ते झालं. आधी सर्र. मग काहीच नाही. मग असा आवाज की आमची भांडी वाजली. मोठी झावळी पत्रा फोडून सरळ खाली गेली होती आणि काकूंची खुर्ची जिथे असायची तिथल्या फरशीवर पडली होती. देठाकडचा जाड भाग पुढे. काकू आमच्या व्हरांड्यात माझ्या वेणीतला गुंता काढत होत्या. त्यांनी फणी थांबवली, पुन्हा चालवली. बाबा संध्याकाळी आले, पलीकडे जाऊन तो पत्रा आणि ती फरशी बघून आले. ते पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले. बाबांनी कशाचा एवढा धसका घेतलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

"काकू," ते म्हणाले, "मी उद्याच माणसं आणतो. माड तोडूया. हे मी सरळ बोलतोय."

काकूंनी माझी वेणी पुरती घातली, रिबीन बांधली, मला पाठीवर थोपटून उठवलं. मग बाबांकडे बघितलं.

"अजिबात नको," म्हणाल्या. "तोडलात, तर मला माझ्या घरी बसावं लागेल."